सणांचे दिवस आणि मुलांचे दात

(मंडळाच्या सभागृहात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाच्या सचिवांनी मला निमंत्रण दिले तेव्हा "आरोग्यावर काहीतरी बोला" असे सांगितले. आरोग्य हा विषय फार मोठा. मी दातांची डॉक्टर. माझी सत्ता ओठांपासून सुरू होते आणि पडजिभेपाशी संपते. म्हणून तेवढ्याच मुलखाबद्दल बोलायचे मी ठरविले. विषयही याच सभागृहात सुचला.

मागच्या बालमेळाव्यात बक्षिसे वाटण्याचा मान आपण मला दिला होता. वह्या-पेन संपल्यावर कार्यकर्त्यांनी माझ्या हातात टॉफ्यांची मोठी पिशवी दिली आणि म्हणाले, "ताई, प्रत्येकाला मूठभर द्या, कुणी नाराज व्हायला नको." मी वाटत गेले. रांगेत चारेक वर्षांचा एक मुलगा आला आणि मला बघून हसला. त्याचे वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत झिजून काळे झालेले होते. ते मी पाहिले. काय झाले आहे, ते मला एका क्षणात कळले. आणि तरीही त्याच्या ओंजळीत मी टॉफ्या घातल्या, कारण मागे रांग होती आणि माझा हात थांबला नाही. घरी गेल्यावर मात्र जेवण गोड लागले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुठीचा हिशेब आहे, असे समजा.

आपल्याकडे गोडाचा हंगाम केव्हा सुरू होतो ते पाहा. श्रावण संपता संपता गणपती येतात. आपल्या घरी बसत नसले तरी चाळीत, शाळेत, शेजारी असतातच, आणि मुलाच्या हातावर प्रसादाचा पेढा पडताना हा कुणाचा सण असे तो विचारीत नाही. मग अशोक विजयादशमी, मग दिवाळीची सुट्टी आणि शेजाऱ्यांकडून येणारी फराळाची ताटे. डिसेंबरअखेर नाताळचे केक. जानेवारीत तिळगूळ, हलवा, लहानग्यांचे बोरन्हाण. पुढे होळी-पाडव्याला साखरेच्या गाठी. गाठीची माळ गळ्यात घालून दिवसभर तिचा एकेक मणी चघळणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. कदाचित आपणही तशीच वाढलो. आमच्या दृष्टीने ती माळ म्हणजे दातांना घातलेला वेढाच. त्यानंतर १४ एप्रिलची मिरवणूक, मग बुद्ध पौर्णिमेची खीर. मधल्या काळात शाळेतले वाढदिवस आहेतच. वर्गात पन्नास मुले असतील तर पन्नास वाढदिवस.

घाबरू नका. सण बंद करा, असे सांगायला मी आलेली नाही. गोड खाऊ नका, असेही सांगणार नाही, कारण ते कुणी ऐकत नाही. मी स्वतःसुद्धा ऐकत नाही.

आधी 'कीड' म्हणजे काय ते पाहू. दातात किडा शिरतो आणि तो दात कुरतडतो, अशी समजूत जगभर हजारो वर्षे होती. रस्त्याच्या कडेला कसल्याशा बियांचा धूर देऊन, नळीतून 'कीड' काढून दाखविणारे लोक आमच्या लहानपणी सर्रास दिसत. ती कीड त्या बियांतूनच निघालेली असते. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच आपल्या ग्रंथात ही किड्याची कल्पना नाकारली होती. पुढे १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या संशोधकाने खरा प्रकार मांडला. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. आपण साखर खातो तेव्हा ते जिवाणूही साखर खातात आणि तिचे आम्ल तयार करतात. ते आम्ल दातावरील टणक आवरण विरघळवते. नख फिरवले तर दातावरून जो पिवळसर-पांढरा चिकट थर निघतो, ते या जिवाणूंचे गाव. टूथब्रशने आपण साफ करायचे असते ते हे गाव.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९४० च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट स्टेफन यांनी माणसांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि दातांवरच्या या थराची आम्लता मोजली. काही मिनिटांतच आम्लता एकदम वाढली आणि मग लाळेमुळे हळूहळू, अर्ध्या-पाऊण तासाने, पूर्ववत झाली. म्हणजे एक वेळ गोड खाल्ले की दातांवर सुमारे अर्धा तास आम्लाचा मारा होतो. त्यानंतर लाळ आपले काम करते, विरघळलेली खनिजे थोडीफार परत बसवते. दात काही दगड नव्हे. तो सारखा झिजतो आणि सारखा भरूनही येतो. भरून येण्यासाठी त्याला फक्त उसंत हवी असते.

विद्यार्थ्यांनो, हे गणित तुम्ही सोडवा. बंडूने दुपारच्या जेवणानंतर दहा टॉफ्या एकदम खाल्ल्या. बबनने तेवढ्याच दहा टॉफ्या खिशात ठेवल्या आणि दर तासाला एक अशा संध्याकाळपर्यंत पुरविल्या. साखर दोघांची सारखी. बंडूच्या दातांवर मारा झाला एकदा. बबनच्या दातांवर झाला दहादा, मिळून पाच तासांहून अधिक, आणि मध्ये उसंत फारशी नाही. आपण मात्र बबनचे कौतुक करतो, "किती पुरवून पुरवून खातो!" आणि बंडूच्या पाठीत धपाटा घालतो. पोटाचे आणि शिस्तीचे काय असेल ते असो, पण दातांपुरता न्याय केला तर बंडू बरा.

हे केवळ तर्काने सांगत नाही. याचा पुरावा आहे, आणि तो कसा मिळाला हे आपल्यासारख्या श्रोत्यांना सांगितलेच पाहिजे. स्वीडन देशात लुंड शहराजवळ विपेहोल्म नावाची संस्था होती. तेथे मतिमंद म्हणून ठरविलेली माणसे ठेवली जात. देशातील लोकांचे दात फार किडत होते आणि साखरेचा त्याच्याशी नेमका संबंध काय, हे सरकारला हवे होते. म्हणून १९४५ साली तेथे प्रयोग सुरू झाले आणि १९४७ पासून त्या माणसांना निरनिराळ्या तऱ्हेने साखर देण्यात आली. कुणाला जेवणाबरोबर, कुणाला गोड पावात, तर कुणाला जेवणाच्या मधल्या वेळात टॉफी. ही टॉफी मुद्दाम दातांना चिकटून राहील अशी बनविलेली होती. एका गटाला रोज चोवीस टॉफ्या दिल्या जात. त्या माणसांची संमती कुणी घेतली नाही. बहुतेकांना ती देता आली नसती आणि नाकारताही आली नसती. अनेकांचे दात कायमचे गेले.

१९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळात, वारंवार, चिकट स्वरूपात दिलेल्या साखरेने मात्र ती झपाट्याने वाढली. दंतशास्त्राच्या पुस्तकात हा प्रयोग आम्ही परीक्षेसाठी पाठ केला. किती टॉफ्या, किती वर्षे, किती दात, सगळे आकडे पाठ. ती माणसे कोण होती, हे त्या वेळी मी कधी विचारले नाही. ज्यांचे कुणी ऐकणार नाही अशांच्याच देहावर असे प्रयोग होतात. जे ज्ञान त्यांच्या दातांच्या मोलाने मिळाले, ते निदान वाया तरी जाऊ नये, म्हणून मी प्रत्येक भाषणात ही हकिगत सांगते.

स्वीडनने त्यातून पुढे काय केले? मुलांना सांगितले, गोड खा, पण आठवड्यातून एकदा, शनिवारी खा. तेथे शनिवारचा खाऊ ही अजूनही घराघरातली रीत आहे. शनिवारी मुले पिशवी भरून गोळ्या आणतात आणि मनसोक्त खातात.

आपल्या हंगामाला हे कसे लावायचे? माझ्या मते एक झाकणाचा डबा पुरेसा आहे. सणात मुलाला जे जे मिळेल, चॉकलेट, पेढा, तिळवडी, गाठी, ते त्याने त्याच्याच हाताने डब्यात टाकावे. डबा त्याचाच. आईने तो इतरांना वाटून टाकायचा नाही, नाहीतर मुलाचा विश्वास उडतो. जेवण झाले की डबा उघडायचा, काय हवे ते खायचे, खळखळून चूळ भरायची आणि डबा बंद. एरवी रविवार हा खाऊचा वार. मधल्या वेळी भूक लागली तर शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू. मात्र चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकतात.

सगळे गोड सारखे नसते, हेही लक्षात घ्या. एखादी वस्तू किती गोड आहे यापेक्षा ती तोंडात किती वेळ राहते, हे दातांना अधिक महत्त्वाचे. लाडू दोन मिनिटांत पोटात जातो. काडीवरची गोळी अर्धा तास गालात फिरते. चिक्की दाढेच्या खाचेत बसून राहते. बिस्किटाला आपण गोडात धरीतच नाही, पण त्याचा लगदा दाढेवर लिंपल्यासारखा बसतो. गूळ नैसर्गिक आहे म्हणून दातांना चालतो, हा तर आमच्या आयाबायांचा आवडता युक्तिवाद. जिवाणूंना गूळ आणि साखर यांत भेद समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. हे मोजमाप चांगले आहे, पण दिवाळीत ताट पुढे असताना टक्के मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. वेळा मोजा. ते शेंबड्या पोरालाही जमते.

आता थोडे माझ्याविषयी. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील गिरणीत होते. संप लांबला, घरातले एकेक भांडे गेले. आम्ही चार भावंडे. संध्याकाळी भूक लागली म्हणून धाकटी रडायला लागली की आई कोपऱ्यावरून लिमलेटच्या गोळ्या आणायची आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवायची. गोळी गालात धरून ठेवली की तासभर पोट गप्प राहायचे. आम्ही ती चावायचो नाही. सगळ्यांत शेवटपर्यंत कुणाची टिकते याची पैज असायची. त्या वर्षी माझी खालची डावी दाढ ठणकू लागली. आई म्हणाली, "दुधाची असंल, पडंल." शेजारच्या मावशींनी लवंगेचा बोळा दिला. गाल सुजला, ताप भरला, तेव्हा वडिलांनी खांद्यावर टाकून एका सरकारी दवाखान्यात नेले. दाढ काढून टाकली. ती दुधाची नव्हती.

माझ्या आईची चूक झाली, असे मी म्हणत नाही. आजही माझ्याकडे येणाऱ्या शिकल्या-सवरलेल्या पालकांकडून मी हेच वाक्य ऐकते. कारण ही दाढ फसवी आहे. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, गुपचूप पहिली कायमची दाढ उगवते. वर दोन, खाली दोन. दात पडला नाही म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, मुलाचा ब्रश तेथवर पोहोचत नाही, आणि वय नेमके गोळ्या-चॉकलेटांचे. बोट घालून मोजा. दुधाचे दात एकूण २०, म्हणजे प्रत्येक जबड्यात एका बाजूला पाच. पुढच्या मधल्या दातापासून मोजीत मागे गेलात आणि सहावा दात हाताला लागला, तर ती कायमची दाढ आहे. ती जन्मभर वापरायची आहे. खाचा फार खोल असतील तर त्यात लेप भरून त्या बुजविता येतात; त्याला सीलंट म्हणतात. दुखत नाही, सुई नाही. माझी दाढ गेली, तिच्या मागची दाढ पुढे कलली, वरची खाली उतरली, आणि मी आजही उजव्या बाजूनेच चावते.

आणि दुधाचे दात तरी पडायचेच आहेत म्हणून सोडून द्यावेत का? दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षे मूल त्यांच्यावर जेवते. त्या अकाली गेल्या तर खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा बळकावली जाते आणि ते वेडेवाकडे येतात. दाढ ठणकणारे मूल रात्री झोपत नाही, जेवत नाही, वर्गात लक्ष देत नाही. शिक्षक त्याला 'ढ' म्हणतात. आपण ज्या शिक्षणासाठी एवढी धडपड करतो, ते शिक्षण दुखऱ्या दाढेने होत नाही.

त्या चार वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दात का गेले असावेत? असे दात दिसले की मी आईला एकच प्रश्न विचारते, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवता का? झोपेत लाळ कमी होते. दूध-साखर वरच्या दातांभोवती साचून राहते. खालच्या दातांना जीभ झाकते म्हणून ते वाचतात. बाटली द्यायचीच तर झोपण्यापूर्वी द्या, दात पुसा, मग झोपवा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ती कीडीची सुरुवात असते, आणि त्या अवस्थेतून दात परत फिरू शकतो. खड्डा पडल्यावर फिरत नाही. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा ओठ उचलून पाहा.

ब्रशविषयी थोडक्यात सांगते. सकाळचा चुकला तर चुकला, रात्रीचा चुकवू नका. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नाही. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्यांनी स्वतः घासून द्यावे. ज्याला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला दाढ नीट घासता येत नाही. पेस्ट फ्लोराइडची, नळीवर १००० पीपीएम लिहिलेले पाहून घ्या. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवितात तशी ब्रशभर लांब वळी घालू नका. घासून झाले की थुंकावे, भरपूर पाण्याने खंगाळू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. राखुंडी, विटेची भुकटी बंद. आजीची मशेरी तर नातवंडांपुढे मुळीच नको. ती तंबाखू आहे.

फ्लोराइडचा विषय निघाला म्हणून, ज्यांचे गाव चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. मुंबईचे पाणी तलावांचे, त्यात फ्लोराइड कमी. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर असते आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. ती कीड नव्हे, घासून जात नाही. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले, दुसरी सोय नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा. गावच्या ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या.

खर्चाची भीती बाळगू नका. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय, तिकडे नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, येथे कमी पैशांत उपचार होतात. वेळ लागतो, रांग असते, पण काम होते.

अध्यक्ष महोदय, शेवटी मंडळाकडे एक मागणी आहे. पौर्णिमेच्या खिरीला माझा बिलकूल विरोध नाही. खीर जेवणाच्या पंगतीत येते, वाटीत संपते. माझी तक्रार टॉफीच्या पिशवीबद्दल आहे. पुढच्या मेळाव्यापासून तेवढ्याच पैशांत पेरू, बोरे, पेन्सिली, खोडरबर, जे परवडेल ते आणावे. मुले पहिल्या वर्षी तोंड वाकडे करतील. पेरू कापून मीठ-तिखट लावून दिलात तर तेही करणार नाहीत. ही मागणी कार्यकारिणीच्या सभेत ठेवावी आणि इतिवृत्तात नोंदवावी, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी माझ्या हातात पिशवी देणार नाही.

मी सोबत टॉर्च, आरसे आणि हातमोजे आणले आहेत. आता त्या खिडकीपाशी टेबल लावून बसते. सहा ते आठ वर्षांची मुले आधी येतील, त्यांची सहावी दाढ पाहायची आहे. आणि मागच्या मेळाव्यातला तो चार वर्षांचा मुलगा आला असेल, तर त्याच्या आईने रांगेत थांबू नये, सरळ पुढे यावे.